घरी बसा, पण कुठल्या?

24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता देशाला घरी बसायचा हुकूम झाला आणि गावोगावच्या किराणा दुकानांपुढे झुंबड उडाली. आमच्या दापोली तालुक्यातल्या म्हाताऱ्यांनी मात्र टीव्ही बंद केला, दाराला कडी घातली आणि त्या झोपायला गेल्या. घरी बसणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

दरवर्षी मे संपायच्या आत कोकणातलं घर आगोटीची बेगमी करतं. लाकडं पडवीला लागतात. सुकट आणि बोंबील कडक उन्हातून डब्यात जातात. कुळीथ, आमसुलं, सांडगे, मिरगुंडं, खडेमीठ, फणसाच्या आठळ्या, सगळं जागच्या जागी बसतं. मग मृग लागला की दार लोटायचं आणि दसऱ्यापर्यंत कुणाची फारशी वाट बघायची नाही. वीज जाते, साकव वाहून जातो, एसटी फाट्यावरूनच परत फिरते, फोन मुका होतो. याला आम्ही पावसाळा म्हणतो. त्यासाठी राष्ट्राला उद्देशून भाषण लागत नाही.

पंतप्रधानांच्या त्या रात्रीच्या भाषणात एक गोष्ट मात्र राहून गेली. घरी बसा म्हणाले, पण कुठल्या, ते नाही सांगितलं.

दापोलीतल्या कुठल्याही वाडीत जा, घर दोन तुकड्यांत सापडेल. एक तुकडा इथे: ओटी, माजघर, पाच खोल्या, मागे आगर, आणि त्यात दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रा. दुसरा तुकडा सव्वादोनशे किलोमीटरवर. पूर्वी तो लालबाग-परळच्या चाळीत असायचा. गिरण्या बंद पडल्यावर तो सरकत सरकत दिवा, विरार, नालासोपाऱ्याला गेला. तिथे दहा बाय बाराची खोली आणि माणसं सहा. पगार तिकडे, गणपती इकडे. शाळा तिकडे, शेत इकडे. कौलांचे पैसे तिकडून येतात, तांदूळ इकडून जातो. हे सगळं मिळून एक घर होतं, आणि सरकारने सांगितलं की जो जिथे आहे त्याने तिथेच थांबावं.

त्या रात्री मी मोठ्या भावाला फोन केला.

"दादा, आहेस कुठे?"

"घरी."

आई मागून ओरडली, "खोटं बोलतोय. घरी असता तर दिसला नसता?"

हे सगळं सुरू झालं शिमग्यात. 9 मार्चला होळी होती, आणि नेमके त्याच दिवशी पुण्यात महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले. आम्ही पालखीत दंग होतो. शिमग्याला अर्धी मुंबई गावात असते. देव घरोघर जातो, प्रत्येक दारात नाचतो, ज्याला त्याला खांदा द्यायचा असतो. सुरक्षित अंतर ठेवून पालखी नाचवायची पद्धत अजून निघालेली नाही. 13 मार्चला राज्यात साथरोग कायदा लागला तेव्हा बरेच चाकरमानी रजा संपवून परत पोचलेही होते. आणखी दोन आठवडे राहिले असते तर पुढचं निम्मं महाभारत टळलं असतं. पण रजा देवालाही मोजूनच मिळते, चाकरमान्याला कुठून मिळणार?

18 मार्चला शृंगारतळीत जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला. शृंगारतळी गुहागर तालुक्यात. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे गुहागर तालुका दिसतो. चीन, इटली, दुबई इतके दिवस टीव्हीत होते, ते एकदम खाडीपलीकडे आले. दुसऱ्या दिवशी बाजारात ज्याला त्याला शिंक आवरायची घाई.

22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या. आमच्याकडे पत्र्याचे डबे बाराही महिने वाजतात, माकडांना हुसकायला. त्या दिवशी मात्र आंब्यावर एकही माकड नसताना आख्खी वाडी डबे बडवत होती. माकडांनी लांबून बघितलं असेल आणि ठरवलं असेल की या लोकांना काहीतरी झालंय. बरोबरच होतं त्यांचं.

25 मार्चला पाडवा. गुढी उभी राहिली, आणि पुरुष घरात राहिले.

इथे एक खुलासा केला पाहिजे. घरी बसायची सवय आहे असं वर म्हटलं ते बायकांबद्दल. कोकणातला पुरुष ओटीवर बसतो, आणि ओटीपासून चुलीपर्यंत दोन खोल्या आणि तीन पिढ्यांचं अंतर आहे. सकाळी दापोलीच्या केळसकर नाक्यावर जाऊन चहा घेणं, तिथे देशाचे प्रश्न सोडवणं, येताना मासळी कितीला होती याची चौकशी करणं, एवढा ज्यांचा दिनक्रम, त्यांचा नाका पोलिसांनी बंद केला. मग हे सगळे विचारवंत स्वयंपाकघराकडे वळले. डब्यांची झाकणं उघडून बघू लागले. हे काय, ते का इतकं, याला इतका गॅस का लागतो. चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनी गडग्यापलीकडून मला म्हणाल्या, "भावोजी, लॉकडाऊन तुम्हाला लागलाय. मी काय, कालपण इथेच होते." पुढच्या दोन महिन्यांत वर्तमानपत्रांत घरकोंडीच्या मानसिक परिणामांवर बरंच काही छापून आलं. वहिनींच्या वाक्याइतकं मुद्द्याचं त्यात मला काही दिसलं नाही.

28 मार्चपासून दूरदर्शनवर पुन्हा रामायण लागलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. एप्रिलच्या मध्यावर एका दिवसात 7.7 कोटी लोकांनी ते पाहिलं, असा जागतिक विक्रम दूरदर्शनने जाहीर केला. विक्रम होणारच. बघणाऱ्याला उठून जायला जागाच नव्हती. चौदा वर्षांचा वनवास चौदा दिवसांचं विलगीकरण भोगणाऱ्यांनी बघितला. शेवटी राम परत आला तेव्हा वेशीवर कुणी आधार कार्ड विचारलं नाही, हे मात्र पुढच्या महिन्यात अनेकांना आठवलं असेल.

5 एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवून पणत्या लावायच्या होत्या. त्या नऊ मिनिटांत देशाची विजेची मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटने उतरली आणि वीजवाल्या इंजिनिअरांना घाम फुटला. आमच्या वाडीत काही जाणवलं नाही. पणती, काडेपेटी आणि रॉकेलचा दिवा कुठे ठेवलाय हे इथे लहान मूलही अंधारात सांगतं.

आणि आंबा. बागायतदाराच्या घरात आंबा कसा खाल्ला जातो हे बाहेरच्यांना माहीत नसतं. घरात खायचा तो पडीचा, डागी, नाहीतर पाखराने टोचलेला. देखणं फळ पेटीत जातं आणि पेटी वाशीला. एक नंबरच्या हापूसची चव आमच्यातल्या कित्येकांनी मुंबईला पाहुणे म्हणून गेल्यावरच घेतलेली. त्या एप्रिलमध्ये वाशीचा बाजार कधी उघडा कधी बंद, ट्रकला ड्रायव्हर मिळेना, ड्रायव्हर मिळाला तर त्याला पास मिळेना. तेव्हा इतिहासात पहिल्यांदा एक नंबरचा आंबा आमच्याच माजघरात, आमच्याच पेंढ्यात पिकला. सकाळी आंबा, दुपारी आमरस, रात्री आंब्याचं सांदण. पंधरा दिवसांनी पोरं रडवेली होऊन सुकट मागायला लागली. हर्णैचा लिलाव थंडावलेला, ताजी मासळी दिसायची मारामार, आणि समोर देशातल्या महागड्या फळांतलं एक. सुबत्तेचा असा छळ मी दुसरा पाहिलेला नाही.

पण आंबा आमच्यापेक्षा हुशार निघाला. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांनी थेट फोनवर पेट्या मागवल्या. बऱ्याच बागायतदारांना दलालाशिवायचा भाव पहिल्यांदा कळला. आंब्याच्या टेम्पोला पास मिळू लागला. मे महिन्यात तर एसटीनेच मालवाहतूक सुरू केली आणि रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या घेऊन लाल गाडी बोरिवलीला गेली. म्हणजे आंब्याला इथून मुंबईला जायला एसटी होती. ज्याच्या झाडाचा तो आंबा, त्याला मुंबईहून इथे यायला नव्हती.

आता आलो मुद्द्यावर.

एप्रिलअखेर नालासोपाऱ्याच्या खोलीत दादाचे सहा जण होते. कंपनी बंद, पगार बंद, संडास चार खोल्यांत मिळून एक. इथे पाच खोल्या, विहीर, तांदूळ, आंबे, आणि मोकळी हवा. या हवेसाठी साहेबाने इथे कॅम्प वसवला होता, आजारी सोल्जर बरे व्हायला. साथीच्या दिवसांत माणसाने कुठे असावं, याचं उत्तर शेंबडं पोरही देईल. पण उत्तर देणं आणि पास देणं ही दोन वेगवेगळी खाती आहेत.

मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुटू लागल्या. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड. त्या मिळवताना त्या बिचाऱ्यांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं, त्यांचा हेवा करणार नाही. पण त्या गाड्या राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. दादर आणि दापोली एकाच राज्यात, त्यामुळे दापोलीकर परप्रांतीय ठरेना आणि घरचाही ठरेना. त्याने ऑनलाइन अर्ज करायचा, डॉक्टरचा दाखला जोडायचा, त्या दाखल्यासाठी गर्दीत उभं राहायचं, आणि एवढं करून साथ लागली नाही तर खासगी गाडीवाल्याला तो मागेल ते भाडं मोजायचं. मग कशेडी घाटात रांगेत उभं राहायचं, नाहीतर म्हाप्रळच्या पुलावर. ज्यांच्याकडे पासही नव्हता आणि पैसेही, ते चालत निघाले. काही महामार्गाने, काही कोकण रेल्वेच्या रुळांवरून.

चालत जाऊन परत फिरवलं जाण्याची या तालुक्याला जुनी परंपरा आहे. मुरुडचे धोंडो केशव कर्वे शाळकरी वयात परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले. शंभराहून जास्त मैल, वाटेत सह्याद्री. तिथे पोचल्यावर साहेब म्हणाले, तू फार लहान दिसतोस, परीक्षेला बसता येणार नाही. मुलगा परत आला, पुढे शंभरी ओलांडून जगला आणि भारतरत्न झाला. कशेडीवरून परत फिरवलेल्यांच्या पदरात असं काही पडल्याचं ऐकिवात नाही.

परंपरेचंच निघालं म्हणून सांगतो. ज्या साथरोग कायद्याने हे सगळं चाललं होतं तो 1897 चा. मुंबईतल्या प्लेगसाठी इंग्रजाने घाईने केलेला. तेव्हाही मुंबईतून लाखो माणसं गावाकडे पळाली, त्यांत गिरण्यांत काम करणारे रत्नागिरीकर ढिगाने होते, आणि आगबोटीतून बंदरांवर उतरणाऱ्यांची तपासणी व्हायची. त्या प्लेगातल्या सरकारी अरेरावीने तापलेल्या वातावरणातूनच टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला उभा राहिला. टिळकांचं मूळ गाव चिखलगाव, आमच्याच तालुक्यातलं. सव्वाशे वर्षांनी कायदा तोच, मुंबई तीच, पळणारा तोच. फक्त आगबोट गेली.

आणि अडवणारा बदलला. या वेळी बंदरावर गोरा साहेब नव्हता. वाटेवर आडवं पडलेलं झाड आपल्याच वाडीच्या कोयत्याने तोडलेलं होतं. वेशीवर फळी, फळीवर खडूने: बाहेरून येणाऱ्यांस प्रवेश बंद. ग्राम कृती दल नावाची फौज जागोजाग खुर्च्या टाकून बसली. शिमग्यात ज्याने देवाच्या पालखीला खांदा दिला, तो मेमध्ये बाहेरचा झाला.

भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य करू. गावात उरली होती ती साठी-सत्तरीची माणसं. स्वॅब मिरजेला जायचा आणि निकाल येईपर्यंत घरातले देव पाण्यात. व्हेंटिलेटर हा शब्द सगळ्यांना पाठ झाला होता, ते किती आहेत याचा आकडा कुणी सांगत नव्हतं. म्हाताऱ्या आईबापाला जपण्यासाठी मुलाला चौदा दिवस शाळेत ठेवलं, यात चूक नाही. आमचा दादा आला तेव्हा त्यालाही ठेवला. हातावर शिक्का मारला, मतदानाच्या शाईचा. एरवी ती शाई बोटाला लावायला हेच लोक त्याला गाडी पाठवून आणतात. जिल्हा परिषदेच्या ज्या वर्गात तो दोनदा नापास झाला होता, त्याच वर्गात त्याने चौदा दिवस काढले आणि पास होऊन बाहेर पडला. आई पडवीच्या कोपऱ्यात डबा ठेवून लांब जाऊन उभी राहायची. तो जेवायचा, ती बघायची. या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती भाषेतल्या माजाबद्दल. "मुंबईवाले रोग घेऊन येतात." "कशाला तडमडायला यायचं?" "आता बरा गाव आठवला!" गाव त्याला कधी आठवत नव्हता, ते कुणी सांगेल का? दर महिन्याला मनीऑर्डर करताना आठवत होता. देवळावर पत्रा चढवताना आठवत होता.

आमच्या वाडीतले एक भाऊ कृती दलात सगळ्यांत पुढे. शिट्टी, काठी, रजिस्टर, सगळं त्यांच्याकडे. वाटेवरचं झाडही त्यांनीच आडवं केलेलं. एका रात्री दीड वाजता त्यांचा मुलगा दिव्याहून बाईकवर आला. झाडाला वळसा घालून बाईक जाईल एवढी वाट होती; ती भाऊंनाच ठाऊक. सकाळी चार माणसं जाब विचारायला गेली. भाऊ ओटीवर उभे राहून शांतपणे म्हणाले, "बाहेरून कुणी आलेलं नाही. पोरगा घरी आलाय." याला उत्तर नव्हतं. मी तर म्हणेन, त्या सबंध दोन महिन्यांत या विषयावर कुणी काढलेलं हे एकमेव योग्य परिपत्रक. फक्त ते एकाच घरापुरतं निघालं.

मजा म्हणजे, या सगळ्यात समुद्रकाठच्या बंगल्यांकडे कुणी फळी घेऊन गेलं नाही. दुसरं घर म्हणून बांधलेले ते, आणि त्यांत टाळेबंदीच्या आदल्या दिवसांत मोटारी भरून आलेले, गॅलरीत लॅपटॉप लावून समुद्र दाखवत मीटिंगा करणारे. तेही मुंबईचेच. पण ते पर्यटक, म्हणजे रोजगार. चाकरमानी आला तर वाटेकरी येतो, हिश्शाचं काय झालं विचारतो. विषाणूला हा फरक कळत नसेल, गावाला कळतो.

मग 3 जून आला. निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर चढलं आणि दापोली-मंडणगडला आडवं करून गेलं. केळशी, आंजर्ले, पाडले, हर्णै, मुरुड. नारळी-पोफळीची आगरं काही तासांत झोपली, कौलं उडाली, पत्रे दुसऱ्याच्या शेतात सापडले. एप्रिलमध्ये नऊ मिनिटांचा अंधार मागून घ्यावा लागला होता. आता काही गावांत तो कित्येक आठवडे न मागता मिळाला. घरी बसा हा हुकूम लागू होताच, फक्त वरती छप्पर नव्हतं. ऑनलाइन शाळा सुरू होणार म्हणून जाहीर झालं तेव्हा पोरं रेंज शोधत टेकडी चढत होती आणि टॉवर आडवा झालेला होता.

कौलं चढवायला तरणा माणूस हवा. रस्त्यावरची झाडं तोडायला हवा. गावात तो कुठे होता? शाळेत, शिक्का मारून बसवलेला. झाडं पडली तशी वेशीवरची फळीही उडाली, ती परत लावायला कुणी गेलं नाही. महिन्यापूर्वी ज्यांना बाहेरचे म्हटलं, ते शाकारणीला छपरावर चढले तेव्हा खालून कौलं देणाऱ्यांत भाऊही होते. रजिस्टर भिजून गेलं होतं.

ऑगस्टमध्ये अडवण्याची जुनी सवय पुन्हा उफाळून आली. 22 ऑगस्टला गणेश चतुर्थी. सरकारने मेहरबानी करून विलगीकरण चौदाचं दहा दिवसांवर आणलं, एसटीने आलात तर पास माफ केला आणि 12 ऑगस्टच्या आत गावात पोचा म्हणून सांगितलं. दीड दिवसाच्या गणपतीसाठी दहा दिवस आधी यायचं. टाळेबंदीतून नुकत्याच उघडलेल्या कंपनीत इतकी रजा मागायची तर राजीनामाच सोबत न्यावा लागला असता. दादा जूनअखेर परत गेला होता, तो आला नाही. आरती फोनवर झाली. मध्येच रेंज गेली आणि आईने तशीच पुढे म्हटली.

आता त्या गोष्टीला काही वर्षं झाली. कृती दल बरखास्त झालं, शाळेत पुन्हा शाळा भरते, कशेडीला बोगदा झाला. साथी येतच राहणार, वादळंही. म्हणून गावकारभाऱ्यांना एक विनंती. पुढच्या खेपेला वाटेवर आडवं टाकायला झाडाला कोयता लावाल, त्याआधी पाच मिनिटं ग्रामदेवतेच्या देवळात जा. सभामंडपात डाव्या हाताला संगमरवरी फलक असतो, बहुतेक गावांत असतोच. वरती ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ग्रामस्थ मंडळ, मुंबई. खाली नावं आहेत, नावांपुढे रकमा आहेत. तेवढी यादी मोठ्याने वाचा आणि मग कोयता चालवा.